आश्रय दिला म्हणून ती आपली?

डोंबिवलीतल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींमध्ये मांजर बहुधा जिन्यावरून घरात येतं. मीटरच्या खोलीत एखादी मांजरी व्यालेली असते. ती पिल्लांना सात घरं फिरवते आणि त्या फिरवाफिरवीत एखादं मागे राहतं. सकाळी मासळीवालीनं पाटी उतरवली की ते पायात घोटाळतं. मग दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी त्याच्यापुढे वाटीत काहीबाही ठेवतं. ठाण्याच्या नौपाड्यात आणि कल्याणच्या जुन्या वाड्यांत प्रवेश असाच होतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये जिन्याऐवजी पार्किंग असतं, एवढाच फरक. महिन्याभरात पिल्लू सोफ्यावर, त्याला नाव, बाल्कनीला जाळी आणि कोपऱ्यात वाळूचा ट्रे.

अडचण सहा-आठ महिन्यांनी सुरू होते. पिल्लाची मांजरी होते आणि तिचा स्वभाव उघड होतो. ती मांडीवर बसत नाही, उचललं की फिस्कारते. तीनदा पाठीवरून हात फिरवू देते आणि चौथ्यांदा त्याच हातात दात रोवते. पाहुण्यांची पावलं दबा धरून पकडते. जो माणूस रोज पहाटे उठून तिची वाटी भरतो, त्याच्याच मनगटावर सगळ्यात जास्त ओरखडे असतात. मग घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, ‘अगं, इतकं करतेस तिचं, तिला त्याचं काही आहे का?’

हा प्रश्न वैतागातून आलेला असला तरी धर्मविचारातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. दयेला परतफेड लागते का? ज्याला आश्रय दिला, तो आश्रय देणाऱ्याचा होतो का? गाय, कुत्रा, पोपट यांच्याबाबतीत हा प्रश्न झाकून राहतो, कारण ते काही ना काही परत देतात. बोचकारणारं मांजर तो झाकू देत नाही.

आपल्या ग्रंथांमध्ये मांजराची अब्रू फारशी चांगली नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात धर्माचा देखावा करणाऱ्या माणसाला मांजराच्या व्रताची उपमा दिलेली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधनाचा निरोप घेऊन उलूक येतो आणि युधिष्ठिराला टोमणा म्हणून गंगाकाठच्या तपस्वी मांजराची गोष्ट ऐकवतो. त्या मांजराच्या वैराग्यावर भाळून उंदीर त्याला सोबत देऊ लागतात आणि एकेक करून त्याच्या पोटात जातात. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी यांच्या भांडणात न्यायाधीश होणारं मांजर दोघांनाही खातं. तमिळनाडूत महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर हात उंचावून तप करणारं मांजर आणि त्याच्या पायाशी जमलेले उंदीर आजही पाहता येतात.

या सगळ्या गोष्टी खरं तर माणसाच्या ढोंगाविषयी आहेत, त्यासाठी मांजराला फक्त उभं केलं आहे. शिकारीआधी निश्चल बसणं ही त्याची रीत आहे, त्या निश्चलतेत तपश्चर्या पाहिली ती माणसानं. घरात मांजरासोबत राहिलेल्यांचा अनुभव नेमका उलटा असतो. या प्राण्याला देखावा जमत नाही. नको असलेला स्पर्श तो सोसून घेत नाही, आवडत नसलेल्या पाहुण्यासमोर गोड होत नाही. चाव्यापूर्वी तो सूचनाही देतो: शेपटीचं टोक आपटायला लागतं, कान मागे वळतात, पाठीवरची कातडी थरथरते. या सूचना वाचायला शिकलेल्या घरात ओरखडे खूप कमी होतात. एरवी शांत असलेलं मांजर अचानक चिडखोर झालं तर मात्र तो स्वभाव समजून सोडून देऊ नये. दात, सांधे किंवा लघवीचा त्रास असू शकतो, आणि दुखणं लपवण्यात मांजर वस्ताद असतं.

तापटपणा येतो कुठून? मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला सरावतं, असं प्राणिवर्तनाचे अभ्यासक सांगतात. ते आठवडे मीटरच्या खोलीत, पायांच्या आवाजाला घाबरत गेले असतील तर पुढचं सारं प्रेम त्या भीतीवर रचावं लागतं. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मनमिळाऊ बोक्याची पिल्लं धीट निघतात, आणि पिल्लं वाढवण्यात बोक्याचा काहीच हात नसतो. म्हणजे ज्याला आपण मांजरीचा हट्टीपणा म्हणतो, तो तिनं कधीही न पाहिलेल्या बापाकडून आणि तिला न आठवणाऱ्या आठवड्यांतून आलेला असतो. आपल्याकडे यालाच पूर्वसंस्कार म्हणतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो असं सांगून कृष्ण निग्रहाच्या मर्यादा दाखवतो. माणसाला दिलेली ही सवलत जिन्यातल्या मांजरीला नाकारण्याचं कारण नाही.

शाकाहारी घरात यापेक्षा वेगळा पेच येतो. डोंबिवलीत आणि नौपाड्यात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या अंडंही शिजलेलं नाही. तिथं मांजरीला दूध-पोळीवर ठेवण्याचा प्रयत्न होतो, आणि त्यामागचा भाव खोटा नसतो. पण मांजराचं शरीर मांसावरच चालतं. टॉरिन हे द्रव्य त्याला पुरेसं स्वतः तयार करता येत नाही आणि वनस्पतींमधून ते जवळजवळ मिळत नाही. टॉरिन कमी पडलं तर मांजराचा डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच नियतकालिकात १९८७ साली टॉरिनअभावी होणारा हृदयविकारही दाखवला गेला. दुधाचं म्हणाल तर ते अनेक मोठ्या मांजरांना पचतही नाही.

मग अहिंसेचं काय? शिबिराजाच्या कथेतलं ससाण्याचं म्हणणं इथं आठवावं. कबुतर राजाच्या आश्रयाला येतं, तेव्हा ससाणा विचारतो: तू याला वाचवलंस तर माझा आहार गेला, मी आणि माझी पिल्लं मेली, त्याचं काय? शिबी त्याला पापी ठरवत नाही. तो त्याची भूक खरी मानतो आणि स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत टाकतो. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध तर कौशिक ब्राह्मणाला सरळ सांगतो, की नांगर चालवतानाही जीव मरतात, हिंसेपासून पूर्ण सुटलेलं जगणं कुणाचंच नाही. आपला आहार हा आपला नियम आहे. तो मांजरीवर लादून तिला हळूहळू आंधळी करणं ही अहिंसा होऊ शकत नाही. ज्यांना घरात मासळी आणवत नाही, ते कॅट फूडची पाकिटं आणतात, वेगळी वाटी आणि वेगळा कोपरा ठरवतात. ही तडजोड प्रामाणिक आहे, तिच्याबद्दल मनात डाचणी ठेवण्याची गरज नाही.

कोंडून ठेवण्याचा प्रश्न याहून कठीण. इस्लामी परंपरेत याविषयी एक हदीस प्रसिद्ध आहे, आणि मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण इथल्या कितीतरी घरांत ती मुलांना सांगितली जाते. एका स्त्रीनं मांजर बांधून ठेवलं. त्याला खायला दिलं नाही आणि स्वतःचं भक्ष्य शोधायला सोडलंही नाही. ते मांजर मेलं आणि त्या स्त्रीला नरकाची शिक्षा झाली. इथं गुन्ह्याच्या दोन्ही बाजू मोजल्या आहेत: अन्न नाकारणं आणि मोकळीक नाकारणं. मांजर पाळणारा माणूस पहिला गुन्हा करत नाही, पण दुसऱ्याच्या काठावर तो रोज उभा असतो. स्टेशनलगतच्या रस्त्यांवर मोकळं सोडावं तर रिक्षा, कुत्री, विष घातलेले उंदीर. आत ठेवावं तर वर्षानुवर्षं चार खोल्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी नागराज खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली. त्यात भूक-तहान, दुखणं, भीती यांपासून मुक्तीबरोबर आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याचं स्वातंत्र्यही आहे. वन बीएचकेत ते जपायचं तर चढायला उंच फळी, खरवडायला सुंभ गुंडाळलेला खांब, लपायला खोका आणि रोज दहा-पंधरा मिनिटं शिकारीचा खेळ हवा. पंजे मारणारी मांजरी पुष्कळदा हेच मागत असते.

नसबंदीबद्दलही लोक अडखळतात. मातृत्व हिरावून घेणं पाप नाही का, असा प्रश्न मनापासून विचारला जातो, आणि त्याला हसणं बरोबर नाही. एका जिवाच्या शरीरावर त्याला न विचारता शस्त्र चालवणं ही हिंसा आहेच. पण मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षात दोन-तीन वेळा विऊ शकते. ती पिल्लं कुठं जातात, हे पार्किंगमध्ये गाड्या काढणाऱ्या कुणालाही विचारावं. पुढच्या सगळ्या मरणांसमोर एक शस्त्रक्रिया ठेवली तर पारडं कुठं झुकतं, याबद्दल शंका राहत नाही. डोंबिवलीत निलेश भणगे यांनी उभी केलेली ‘पॉज’ आणि ठाण्यातली ‘ठाणे एसपीसीए’ यांसारख्या संस्था भटक्या प्राण्यांसाठी काम करतात, त्यांच्याकडे विचारणा करता येते. शस्त्रक्रियेमुळे बोक्यांची भांडणं आणि घरभर फवारे मारणं बरंच कमी होतं, हा घरासाठीचा फायदा वेगळाच.

आता मूळ प्रश्नाकडे. शांतिपर्वात शरशय्येवरचा भीष्म युधिष्ठिराला एक विलक्षण कथा सांगतो. वडाच्या झाडाखाली लोमश नावाचा बोका पारध्याच्या जाळ्यात सापडतो. पलित नावाचा उंदीर आनंदानं जाळ्यावर हुंदडू लागतो, तेवढ्यात त्याला दिसतं, की खाली मुंगूस टपलं आहे आणि फांदीवर घुबड. मग तो बोक्याशी करार करतो: तू मला तुझ्या कुशीत लपव, मी तुझे पाश कुरतडतो. तो कुरतडतो, पण अगदी सावकाश. शेवटचा पाश तो पारधी समोर आल्यावर तोडतो, म्हणजे सुटलेल्या बोक्याला आधी पळावं लागेल, उंदीर खायला उसंत मिळणार नाही. संकट टळल्यावर बोका त्याला मैत्रीचं आमंत्रण देतो. पलित ते नाकारतो. नाकारताना तो बोक्याला दुष्ट म्हणत नाही. तुझी जात मी जाणतो, आपल्याला गरजेनं एकत्र आणलं, गरज संपली, आता दुरूनच बरं, असं त्याचं सांगणं असतं.

तापट मांजराच्या घरात राहणाऱ्याला हा उंदीर जवळचा वाटावा. समोरच्याचा स्वभाव ओळखून, त्याचा राग न धरता, त्याच्याशी अंतर ठरवून राहणं ही साधी गोष्ट नव्हे. पण पलितचा हिशेब इथं पूर्ण लागू पडत नाही. त्याच्या मते नात्यात गरजेपलीकडे काही नसतं. मांजराबद्दल कित्येक माणसांचंही तेच मत असतं: मांजर घराला ओळखतं, माणसाला नाही. अभ्यास मात्र वेगळं सांगतात. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ साली ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिल्लांना थोडा वेळ मालकापासून दूर ठेवून पुन्हा भेटवलं. वर्गीकरण करता आलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६४ टक्के पिल्लांचं वागणं सुरक्षित जिव्हाळ्याचं होतं. जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी २०१३ साली दाखवलं, की मांजर मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजांतून वेगळा ओळखतं. त्याची खूण मात्र एवढीच असते, की कान किंवा डोकं किंचित वळतं. ते उठून येत नाही. ज्या घरात फक्त धावत येण्यालाच प्रेम समजलं जातं, तिथं ती वळलेली कानाची पाळी कुणाला दिसतच नाही.

वैष्णवांच्या भक्तिविचारात मांजराला मानाची एकच जागा मिळाली आहे, मार्जारन्यायाची. रामानुजांच्या परंपरेत तेराव्या-चौदाव्या शतकांत दोन मतं पडली. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडकलै पंथाचं म्हणणं, की माकडाच्या पिल्लासारखं जिवानं देवाला घट्ट धरावं. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेन्कलै पंथाचं म्हणणं, की मांजराच्या पिल्लासारखं निर्धास्त व्हावं, नेणारी नेते. ही जोडी आपल्या कीर्तनांतूनही ऐकू येते, रामकृष्ण परमहंसही ती सांगत. मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत, ही म्हण तिथं अगदी शोभते. पण या न्यायातलं पिल्लू जेमतेम काही आठवड्यांचं आहे. मानेला धरलं की अंग सैल सोडणं त्या वयात सहज घडतं. पिल्लं मोठी झाली की मांजरीच त्यांना फटकारून दूर करते. मोठ्या मांजराला तसं उचललं तर त्याला दुखतं आणि भीती वाटते. आपण आश्रय दिलेल्या मांजरीकडून आयुष्यभर पिल्लाची शरणागती मागतो, ती तिच्या जातीतही कुणी मागत नाही.

रामकृष्णांचा एक प्रसंग मात्र इथं अगदी लागू पडतो. दक्षिणेश्वरी कालीमातेसाठी ठेवलेल्या नैवेद्यातली पुरी त्यांनी मांजराला भरवली. देवळाच्या कारभाऱ्यानं देवळाची जबाबदारी सांभाळणाऱ्या मथुरबाबूंकडे तक्रार केली, पण मथुरबाबूंनी रामकृष्णांना अडवलं नाही. त्या मांजराच्या ठिकाणी त्यांना आईच दिसली होती. मांजर गुणी आहे की खोडसाळ, ही चौकशी त्यात कुठंच नव्हती. आपल्याकडे एकनाथांनी काशीहून आणलेलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं. कथा गाढवाच्या तहानेपाशी थांबते. पुढं ते एकनाथांशी कृतज्ञतेनं वागलं का, हे कीर्तनात कुणी विचारत नाही. आणि महानुभावांच्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. ते त्याला शिकाऱ्यांच्या हवाली करत नाहीत आणि संकट गेल्यावर त्याला जाऊ देतात. मांडीखाली आला म्हणून तो त्यांचा झाला नाही.

याउलट भरत राजा. भागवताच्या पाचव्या स्कंधात राज्य, बायको, मुलं सोडून तो गंडकीकाठी तप करत असतो. सिंहाच्या गर्जनेनं भ्यालेली गाभण हरिणी नदीवरून उडी मारते आणि तिचं पाडस पाण्यात पडतं. भरत ते उचलून आश्रमात आणतो. हळूहळू त्याचे नियम सुटतात, पूजा सुटते. पाडस दिसलं नाही की त्याचा जीव कासावीस होतो. मरताना त्याचं मन पाडसात असतं आणि पुढच्या जन्मी तो हरीण होतो. भटका प्राणी घरात घेणाऱ्याला ही कथा ताकीद म्हणून ऐकवली जाते: बघ, मोक्षाच्या उंबरठ्यावरचा माणूस एका जनावरापायी गेला.

पण ताकीद नेमकी कशाबद्दल आहे? पाडस मऊ होतं, अंगाला बिलगणारं होतं. त्यानं भरताला एकदाही चावलं नाही, म्हणून दया कुठं संपली आणि माझेपण कुठं सुरू झालं, हे त्याला कळायला वाव मिळाला नाही. डोंबिवलीतल्या चिडखोर मांजरीकडून हा वाव रोज मिळतो. तिच्या फिस्कारण्याचा अर्थ अगदी साधा असतो: अन्न घेते, ऊब घेते, पण मी तुझी नाही. आणि भरताची कथा हरणाच्या जन्मापाशी संपत नाही. तिसऱ्या जन्मी तो जडभरत झाला. रहूगण राजाच्या माणसांनी त्याला पालखीला जुंपलं, तर बाणाएवढ्या अंतरावरची जमीन पाहून, एकही जीव चिरडणार नाही असं पाऊल टाकत तो चालू लागला. पालखीला हिसके बसले, राजा संतापला, तरी त्यानं चाल बदलली नाही. दया ही त्याची चूक असती, तर ती दोन जन्मांत त्यानं टाकून दिली असती.

दया आपल्या मांजरापुरती की जिन्यातल्यांसाठीही, हा प्रश्न ठाणे-डोंबिवलीत सध्या फार निकडीचा झाला आहे. जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घरातली मांजरी टोपलीत बसून भाड्याच्या घरी जाते. नव्या जागी तिला आधी एकाच खोलीत, तिच्या वासाच्या जुन्या चादरीसह काही दिवस ठेवलं तर ती सावरते. त्या काळात ती जास्त चावते, ते मनावर घेऊ नये. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पण घरातल्या या मांजरीची बहीण मागे मीटरच्या खोलीतच असते. तिला नाव नाही, तिचा फोटो कुणाच्या फोनमध्ये नाही. राज्यघटनेत १९७६ साली घातलेल्या ५१-अ कलमानं सजीवांविषयी दयाबुद्धी हे नागरिकांचं कर्तव्य ठरवलं, तेव्हा त्यात पाळीव आणि बिनपाळीव असा भेद केलेला नाही. इमारत रिकामी करण्याची तारीख सोसायटीला महिनोन्‌महिने आधी माहीत असते. त्याच बैठकीत जिन्यातल्या मांजरांची मोजणी व्हावी, त्यांच्या नसबंदीसाठी संस्थेशी बोलणं व्हावं आणि शेजारच्या इमारतीत त्यांना खाऊ घालणारं कुणी आहे का, हे विचारलं जावं. पाडकामाचं यंत्र आवारात आल्यावर हे काही करता येत नाही.